गर्भपिशवीत हाड : दोष बाईचा नाही, इलाज आहे

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या चाळींतून आम्ही आरोग्याच्या कामाला फिरतो तेव्हा एक तक्रार नेहमी कानावर येते. एकदा दिवस राहिले होते, गर्भ पडला, पिशवी साफ केली; पाळी आता वेळेवर येते, पण पुन्हा काही राहत नाही. याची कारणे अनेक आहेत : नळ्या बंद असणे, पिशवीचा क्षयरोग, थायरॉईड, नवऱ्याचे शुक्रजंतू कमी असणे. त्यातलेच एक दुर्मीळ कारण म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात हाड तयार होणे.

हे हाड येते कुठून? बहुतेक बायकांचा आधी गर्भपात झालेला असतो. काहींच्या पिशवीत गर्भाच्या हाडाचे बारीक तुकडे राहून जातात. काहींच्या बाबतीत दीर्घकाळच्या सुजेमुळे अस्तरातल्याच पेशी हाडाच्या पेशींत बदलतात. पिशवीत बसवलेली तांबी जसा गर्भ रुजू देत नाही, तसेच हे हाडही देत नाही. काहींना पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळीत जास्त रक्त जाते. अनेकींना काहीच त्रास नसतो.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे हाड पांढरे चमकते. कधी ते तांबीसारखेही दिसते. तांबी कधी बसवलीच नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. इलाज दुर्बिणीचा आहे. हिस्टेरोस्कोपीत योनीमार्गातून दुर्बीण घालून, डोळ्यांनी पाहत तुकडे काढतात. पोटावर टाका पडत नाही. न पाहता केलेल्या क्युरेटिंगमध्ये तुकडे मागे राहू शकतात. काढलेला भाग तपासणीला पाठवलाच पाहिजे. तुकडे काढल्यावर अनेकींना दिवस राहिले आहेत. केवळ या कारणासाठी पिशवी काढा असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

अडचण येते ती लपवण्यामुळे. सासूसमोर, नवऱ्यासमोर बाई जुना गर्भपात सांगत नाही आणि तपास भलतीकडेच जातो. डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे, असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे. अठरा वर्षांवरील स्त्रीला त्यासाठी फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. चोरून, अर्धवट केलेल्या गर्भपातातच तुकडे राहण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त.

अंगारे-धुपारे, करणी, वांझपणाचे टोमणे यांनी हाड विरघळत नाही. आधी महापालिकेच्या डोंबिवलीतील शास्त्रीनगर किंवा कल्याणमधील रुक्मिणीबाई रुग्णालयात दाखवा. दुर्बिणीची सोय तिथे नसेल, तर चिठ्ठी घेऊन सायन किंवा केईएमला जा. जाताना जुने सोनोग्राफीचे आणि पिशवी साफ केल्याचे कागद सोबत घ्या, पाळीच्या तारखा लिहून न्या. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि मूल दोघांचे असते.