अरण्यनिर्वाहाच्या जुन्या ग्रंथांचा शोध : काही दिशा

रानावनात वा संकटकाळी माणसाचा निभाव कसा लागावा, हे सांगणारी स्वतंत्र पुस्तके जुन्या मराठीत शोधू गेल्यास सहसा निराशा पदरी येते. तथापि, ही विद्या लेखनबद्ध झालीच नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ती अन्य विषयांच्या ग्रंथांत विखुरलेली आहे. म्हणून शोध शीर्षकांचा नव्हे, प्रकरणांचा घ्यावयास हवा.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवितो. परंतु त्यातील दुर्गविषयक प्रकरण निर्वाहाचे मार्गदर्शनही करते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. झुंजात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, म्हणून एका झऱ्यावर न विसंबता साठ्याचे पाणी राखावे. गडावर लावलेली झाडे प्रसंगी लाकडासाठी उपयोगी पडतात. गडाभोवतीची झाडी मात्र तोडू देऊ नये. येथे प्रत्येक सूचनेमागे कारण आहे, आणि तेच या गद्याचे बळ होय.

दुसरे स्थान सरकारी दप्तराचे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या २५ व्या खंडात (१८८६) डॉ. लिस्बोआ यांनी उपयुक्त वनस्पतींची माहिती देताना दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही नोंद केली आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर काही वर्षांतच हा खंड निघाला, हे ध्यानी घ्यावे.

तिसरे स्थान हस्तलिखित बाडांचे. बाडाची नोंद पुष्कळदा त्यातील पहिल्या वा प्रमुख कृतीच्या नावाने होते. मधली वैद्यकाची चार पाने सूचीत दिसत नाहीत. अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी म्हणूनच सूचीवर न थांबता बाड उलगडून पाहावे.

मात्र ग्रंथ सापडला म्हणजे विद्या सापडली, असे नव्हे. कडू करांदा खाण्याजोगा आहे एवढेच लिहिलेले असेल, तर ते वाक्य घातकही ठरेल. तो वारंवार उकळून, पाणी टाकून कडवटपणा काढावा लागतो. ही कृती स्वयंपाक करणाऱ्या हातांत असते. देवळाली प्रवरा परिसरातील विद्यार्थ्याने जुन्या याद्या घेऊन प्रवरेच्या उगमाकडे, अकोले तालुक्यात जावे. महादेव कोळी व ठाकर वृद्धांकडून वनस्पतींची नावे व कृती पडताळून घ्याव्यात. नाव ओळखणारी पिढी सरली, तर जपलेला ग्रंथही मुका होईल. ग्रंथशोध आणि क्षेत्रकार्य येथे वेगळे करताच येत नाहीत.