न दिसणारा नट : बाळ कुडतरकर

रंगभूमीवरील नटाला रंगभूषा, वेशभूषा आणि हावभाव यांची साथ असते. रेडिओवरील कलावंतापाशी आवाजाखेरीज दुसरे साधन नसते. त्या एका साधनावर आयुष्यभर उभे राहिलेले कलावंत म्हणजे मुंबई आकाशवाणीचे बाळ कुडतरकर (१९२१–२०२०). त्यांच्या कार्याचा अल्प परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या आजीला ते 'टेकाडे भावजी' म्हणूनच ठाऊक आहेत. आजोबा मुंबईत गिरणीकामगार होते. १९८२ च्या संपानंतर आमचे बिऱ्हाड इकडे छावणीत आले. त्यापूर्वी चाळीतल्या रेडिओवर आजी 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिकामाला ऐकत असे. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही त्यातली पात्रे. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि भावजी म्हणजे कुडतरकर. घरगुती गप्पांतून रोजच्या जगण्यातले प्रश्न ही मंडळी हसतखेळत मांडत. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ' अशा कार्यक्रमांतूनही कुडतरकरांचा आवाज घरोघरी गेला. अनेक माहितीपटांना व जाहिरातींनाही त्यांनी आवाज दिला.

ही कला वरवर सोपी वाटते, पण तशी ती नाही. हातात लिहिलेला कागद असतो, तरी तो वाचल्यासारखा वाटता कामा नये. पान उलटल्याची सळसळसुद्धा मायक्रोफोन टिपतो. गुपित सांगायचे तर नट मायक्रोफोनजवळ येतो. पात्र निघून जात असेल, तर तोंड वळवून दूर सरकतो. माहितीपटाचे निवेदन आणखी निराळे. पडद्यावरील दृश्य संपते, तिथेच वाक्यही संपावे लागते; आणि जे डोळ्यांना दिसतेच आहे, ते आवाजाने ओरडून सांगायचे नसते. शिवाय ऐकणारे लाखो असले, तरी प्रत्येक जण आपल्या घरी एकटाच ऐकत असतो. म्हणून सभेत बोलतात तसे न बोलता, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलावे लागते.

हे मला उशिरा कळले. एका वक्तृत्व स्पर्धेत माझे उच्चार गावठी ठरवले गेले. त्यानंतर मी वर्षभर व्यासपीठावर पाऊल ठेवले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शुद्ध बोलणे म्हणजे छापील बोलणे, अशी माझी समजूत होती. उच्चारांवर मेहनत घ्यायलाच हवी, यात शंका नाही. पण आवाजाचा खरा कस ऐकणाऱ्याच्या मनाशी लागतो. आजीला अक्षरओळख नाही. तरीही भावजी काय म्हणाले, हे ती चाळीस वर्षांनंतरही हसून सांगते. त्यांचा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता. मी मोबाइलवर त्यांचे छायाचित्र दाखवले, तेव्हा ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "हे न्हाईत ते. बोलू दे, मग सांगते."

हा लेख मी प्रथम तिलाच वाचून दाखवला. जिथे तिने "म्हणजे रे काय?" असे विचारले, तिथली वाक्ये बदलली. यंदाच्या स्नेहसंमेलनात निवेदनासाठी मी नाव दिले आहे.

— द्वितीय वर्ष, कला