हलत्या शेपटीचे काम : देवनारच्या कारागिरांनी नजर टाकावी

गोवंडी-देवनार पट्ट्यातील बैंगनवाडी, शिवाजीनगरच्या जरी कारखान्यांना संगणकी भरतकामाच्या मशीनींनी दिलेला धक्का आम्ही कापडवाले जवळून पाहत आलो आहोत. ज्यांच्या हातात हुन्नर आहे त्या बांधवांनी हलत्या प्राण्यांच्या कामाचा विचार जरूर करावा. मुंबईत गणेशोत्सवात हलते देखावे उभे राहतात. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली मंदिरात फेब्रुवारी २०२३ मध्ये ११ फूट उंचीचा, ८०० किलो वजनाचा यांत्रिक हत्ती आला. त्याची शेपटीही विजेवर हलते.

शेपटीची करामत सायकलच्या ब्रेकसारखीच. मधोमध वाकणारा पण न दबणारा कणा, त्यावर मणक्यांसारख्या चकत्या, चकत्यांच्या भोकांतून चार तारा. एक तार ओढली की शेपटी त्या बाजूला वळते. समोरची तेवढीच सैल सोडावी लागते. कण्यापासून ३० मिलिमीटरवर भोक असेल, तर ९० अंश वळणाला तार ४७ मिलिमीटर ओढली पाहिजे. ४५ मिलिमीटर त्रिज्येच्या एकाच चाकावर समोरासमोरच्या दोन्ही तारा बांधा. चाक ६० अंश फिरले की काम झाले. टोक वेगळे वळवायचे तर त्याच्या तारा बुडाच्या भागातून ब्रेकच्या आवरणातूनच, कण्याला लागून न्याव्यात. नाहीतर बूड वळताच टोकही ओढले जाते.

हे परदेशी गुपित नाही. देवनारशेजारी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी वस्तू भिंतीआडून हाताळणारे यांत्रिक हात आहेत. अशा हातांत अलीकडची हालचाल तारा-पट्ट्यांनीच पलीकडे पोचते.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. शेपटी फसते ती बहुधा कातडीत. कण्यापासून ६० मिलिमीटरवरचे कापड ९० अंशांच्या वळणात बाहेरून सुमारे ९४ मिलिमीटर ताणले जाते, आतून तेवढेच गोळा होते. साधे फरचे कापड सरळ कापले तर मोटार कापडाशीच झुंजत बसते. चारी बाजूंनी ताणणारे विणलेले कापड घ्यावे, किंवा उरेब कापावे. केसांचा रोख टोकाकडे ठेवावा. खालच्या बाजूस चेन लावावी, म्हणजे तार बदलताना शिवण उसवावी लागत नाही.

तार तुटणारच. शेपटी मिनिटाला १० वेळा, रोज १० तास हलली, तर १० दिवसांत ६०,००० फेरे होतात. भोकात नायलॉनची नळी घालावी, धार तारेला लागू देऊ नये. माल देण्याआधी दोन दिवस कारखान्यातच चालवून पाहावा. बयाणा घेतानाच दुरुस्तीचा दर वेगळा लिहून घ्यावा, आणि मंडपात रात्री माणूस ठेवायचा असेल तर त्याची मजुरीही.