दोन रिळांचा विनोद आणि रॉस्को आरबकल

अमेरिकेतील मूकपटांच्या आरंभकाळी विनोदी चित्रपट बहुधा एक किंवा दोन रिळांचा असे. दोन रिळे म्हणजे सुमारे वीस मिनिटांचा खेळ. एवढ्या अवधीत पात्राचा स्वभाव उलगडून दाखविण्यास सवड नसे. म्हणून पाहताक्षणी ओळखू येईल असा नट लागे. कुणाच्या मिशा, कुणाचा निर्विकार चेहरा, तर कुणाचा अगडबंब देह हीच त्याची ओळख ठरे. १९१२ साली मॅक सेनेटने काढलेल्या कीस्टोन कंपनीचा विनोद याच तत्त्वावर उभा होता.

१९१३ साली या कंपनीत आलेल्या रॉस्को आरबकलचा देह अवजड, पण चपळाई कसरतपटूची. 'फॅटी' हे पडद्यावरील नाव त्याला स्वतःला रुचत नसे. लोकांनी मात्र तेच उचलले. १९१७ साली 'द बुचर बॉय' या लघुपटात बस्टर कीटनला प्रथम पडद्यावर आणले ते त्यानेच.

सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका हॉटेलात त्याच्या मेजवानीच्या वेळी व्हर्जिनिया रॅप ही तरुण अभिनेत्री अत्यवस्थ झाली आणि चार दिवसांनी मरण पावली. आरबकलवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरण्यात आला. वृत्तपत्रांनी निकालाची वाट पाहिली नाही. ज्या देहाला काल लोक हसत होते, तोच आज दुष्टपणाचा पुरावा ठरू लागला. दोनदा ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या ज्यूरीने अवघ्या काही मिनिटांत त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच्यावर मोठा अन्याय झाल्याचे लेखी नमूद केले.

तथापि सहाच दिवसांनी निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. वर्षअखेरीस ती उठली, पण लोकांच्या मनातील बंदी उठली नाही. 'विल्यम गुडरिच' या टोपणनावाने तो पडद्यामागे दिग्दर्शन करीत राहिला. १९३२ साली वॉर्नर ब्रदर्सच्या बोललघुपटांत त्याला पुन्हा भूमिका मिळाल्या. परंतु २९ जून १९३३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, झोपेतच त्याचा अंत झाला.

पडद्यावरील मुखवट्यालाच माणूस समजणाऱ्या प्रेक्षकांना दोघांमधील अंतर सोसवले नाही. त्या कोलाहलात निरपराध नटाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, आणि जिच्या मृत्यूवरून तो उठला, त्या तरुणीचे दुःखही कुणी ऐकले नाही.