वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पातळ आहाराचे दिवस : घरच्यांनी काय सांभाळायचं?

तळवडे : वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी, आता फक्त बड्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा महाराष्ट्रात त्याची बरीच चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं आणि हा विषय आपल्या घराघरात पोहोचला. आज तळवडे, चिखली, मोशी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातही शुगर, बीपी, गुडघेदुखी किंवा झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासामुळे अनेकांना डॉक्टर या ऑपरेशनचं नाव सुचवतात.

ऑपरेशनची तयारी बहुतेक घरं नीट करतात. पैसे जमवले जातात, कंपनीत रजा टाकली जाते, दवाखान्यात कोण थांबणार हे ठरतं. तयारी राहून जाते ती स्वयंपाकघराची. पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि पुढचे काही आठवडे त्याला फक्त पातळ, मग वाटलेलं, मग मऊ असंच खायचं असतं. त्या दिवसांत घरात रोजचं जेवण शिजत असतं, अयादतीला पाहुणे येत असतात आणि कुणीतरी मायेनं म्हणतं, "एक घास खा, काही होत नाही." या एका घासानं नुकसान होऊ शकतं. का, ते समजून घेऊ.

पोटात नेमकं काय केलेलं असतं?

जास्त प्रमाणात होणारं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तयार होते. कापलेली कड बारीक स्टेपलच्या ओळीनं शिवलेली असते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

दोन्हींत आतली शिवण ताजी असते आणि सूजही असते. बाहेरून पोटावर चार-पाच छोट्या जखमा दिसतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की माणूस बरा झाला. आतली शिवण भरायला मात्र काही आठवडे लागतात. या काळात घट्ट घास अडकला, घाईनं जास्त खाल्लं किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर ताज्या शिवणीवर ताण येतो. शिवण गळू लागली तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि जीव धोक्यात येतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वेळ हातात कमी असतो. म्हणून पातळ आहार हा 'डाएट' नाही, तो जखमेला दिलेला आराम आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, तसाच.

ऑपरेशनच्या आधीही एक-दोन आठवडे कमी कॅलरीचा, बहुतेक पातळ आहार सांगतात. वजन जास्त असलं की यकृतावर चरबी साठून ते मोठं होतं आणि जठर झाकतं. या आहारानं ते आकसतं आणि सर्जनला काम करायला जागा मिळते. इमान अहमद यांनाही ऑपरेशनआधी पातळ आहारावरच ठेवलं होतं. म्हणजे दस्तरखानची शिस्त ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू होते.

टप्पे कसे असतात?

प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय तेच अंतिम माना. साधारण क्रम असा :

पहिले एक-दोन दिवस : नितळ पातळ पदार्थ. पाणी, चरबी काढून गाळलेली यखनी, डॉक्टरांनी सांगितलं तर नारळपाणी.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत : साय काढलेलं दूध, पातळ ताक, गाळलेलं वरण, गाळलेलं चिकन सूप, प्रोटीन पावडर घातलेलं दूध.

तिसरा-चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेलं मऊसर अन्न. वाटलेली डाळ, वाटलेलं चिकन, घोटलेलं अंडं, दही.

पाचवा-सहावा आठवडा : मऊ अन्न. काटे काढलेला मासा, खिमा, मऊ खिचडी, पनीर.

त्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण. पाव, चपाती, मोकळा भात आणि मटणाचे धागेदार तुकडे सर्वांत शेवटी, कारण हेच जास्त अडकतात.

एक टप्पा जमला म्हणून पुढच्या टप्प्याची उडी आपल्या मनानं मारू नये. "त्याच्या चुलत भावाला तर दहाव्या दिवशी खिचडी दिली होती," ही तुलना घरात करूच नका. ऑपरेशन वेगळं, माणूस वेगळा.

पाणी पिणं हेच दिवसभराचं काम

सुरुवातीच्या दिवसांत जास्त त्रास होतो तो भुकेचा नव्हे, पाणी कमी पडण्याचा. स्लीव्हमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जिथं जास्त तयार होतं तो भागच काढलेला असतो, त्यामुळे अनेकांना भूक फारशी लागत नाही. पण आपल्याला सवय गटागटा ग्लास रिकामा करायची, आणि ते आता जमत नाही. मग पाणी टाळलं जातं, लघवी पिवळीधमक होते, चक्कर येते, आणि माणसाला पुन्हा दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी तर याकडे जास्त लक्ष द्यावं.

दिवसाला साधारण दीड लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. हिशेब सोपा आहे. औषधाच्या बाटलीसोबत येणारी मापाची टोपी असते ना, तिनं ३० मिली मोजा. दर १५ मिनिटांनी ३० मिली म्हणजे तासाला १२० मिली. सकाळी ७ ते रात्री ८ असे १३ तास धरले तर १,५६० मिली होतात. मोबाईलवर १५ मिनिटांचा गजर लावा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्या. ती ते आवडीनं करतात आणि विसरत नाहीत.

घोट घोट प्यायचं. स्ट्रॉ नको, कारण हवा पोटात जाते. सोडा आणि कोल्ड ड्रिंक नको. रूह अफजा, उसाचा रस, डब्यातले ज्यूस, ग्लुकोज पावडर, शिरखुर्मा हे गोड पदार्थही नकोत. विशेषतः बायपासनंतर साखर झपाट्यानं आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होतो. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. पुढे मऊ अन्न सुरू झालं की जेवण आणि पाणी वेगळं ठेवायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही.

पायाच्या शोरब्यानं ताकद येते का?

आपल्याकडे अशक्त माणसाला पायाचा शोरबा द्यायची जुनी रीत आहे. दादी-नानींच्या या मायेला तोड नाही, पण या ऑपरेशननंतर तो चालत नाही. त्यात तेल, चरबी आणि मसाला भरपूर असतो. त्यातून मिळणारं प्रोटीन मुख्यतः जिलेटिनचं, आणि ते एकट्यानं शरीराची गरज भागवू शकत नाही. डाळीच्या वरच्या पाण्याचंही तसंच. प्रोटीन खाली डाळीत राहतं, आपण पितो ते बहुतेक पाणीच.

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. ते कमी पडलं तर चरबीसोबत स्नायूही झडतात, थकवा येतो, जखम उशिरा भरते. २०० मिली साय काढलेल्या दुधात साधारण ७ ग्रॅम प्रोटीन असतं. दिवसभरात असे दोन कप घेतले तरी १४ ग्रॅमच. म्हणूनच डॉक्टर व्हे प्रोटीनची पावडर लिहून देतात. तिच्या एका मापात बहुधा २० ते २४ ग्रॅम असतं. दोन कप दूध आणि त्यात दोन मापं घातली की आकडा ५४ च्या पुढे जातो. उरलेलं ताक आणि गाळलेल्या सूपातून भरून काढता येतं. पहिल्याच दिवसापासून एवढं जमणार नाही, हळूहळू वाढवायचं.

यखनी जरूर द्या, पण अशी : बिनकातडीचं चिकन, आलं, थोडं मीठ, तिखट-गरम मसाला नाही. शिजल्यावर गाळा, थंड करा, वर जमलेली चरबी काढून टाका, मग कोमट करून द्या.

गोळ्या आणि हलालचा प्रश्न

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या या ऑपरेशननंतर दीर्घकाळ, बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या बंद करू नका. बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. ज्यांना त्याची शंका वाटते त्यांनी गोळ्याच सोडू नयेत, तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला तसं सांगून चघळायच्या, पातळ किंवा शाकाहारी आवरणाच्या गोळ्या मागाव्यात. पर्याय मिळतात.

शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका आणि बंदही करू नका. खाणं इतकं कमी झाल्यावर जुन्याच डोसनं शुगर एकदम खाली जाऊ शकते. अंग दुखतंय म्हणून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी जठरात अल्सर होऊ शकतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद.

रोजे आणि दावती

शक्य असेल तर ऑपरेशनची तारीख रमजान संपल्यानंतरची घ्या, म्हणजे पुढच्या रमजानपर्यंत बरेच महिने मिळतात. दर १५ मिनिटांनी घोट घ्यावा लागणाऱ्या माणसाला रोजा जमणारा नाही. पहिल्या काही महिन्यांत डॉक्टर तो ठेवू नका असंच सांगतात. आजारी माणसाला कुरआनमध्ये, सूरह बकरामध्ये, सवलत दिलेली आहे आणि रोजे नंतर पूर्ण करता येतात. आपल्या बाबतीत कज़ा की फिदिया, हे डॉक्टरांचं मत घेऊन आलिमांना विचारावं. सवलत घेणाऱ्याला "एवढाही सब्र नाही का?" असं कुणी टोचू नये.

अयादतीला येणाऱ्यांनी मिठाई, फळांची पेटी, ज्यूस आणू नये. घरच्यांनी फोनवरच स्पष्ट सांगावं, त्यात मेहमाननवाजी कमी होत नाही. पहिले दोन-तीन आठवडे पेशंटला जेवणाच्या वेळी दस्तरखानवर बसवायची सक्ती करू नका. त्याला बसायचं असेल तर त्याचा छोटा कप त्याच्यासमोर ठेवा आणि त्याच्या कपावर टीका-टिप्पणी करू नका. बिर्याणीच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं, चिडचिड होते, "ऑपरेशन कशाला केलं" असंही वाटतं. जेवण हा अनेकांचा आनंद आणि आधार असतो, तो अचानक सुटतो. ही उदासी बहुतेकांची ओसरते. लांबली तर डॉक्टरांना सांगा, त्यात लाज नाही.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी रुजू होण्याआधी डॉक्टरांकडून लेखी घ्यावं की जड वजन किती दिवस उचलायचं नाही. लाईनवर मध्येच घोट घ्यायला मोकळीक लागेल, हे सुपरवायझरला आधी सांगावं. कॅन्टीनचा वडापाव आणि कटिंग चहा यांना तेवढे दिवस सुट्टी.

ताबडतोब दवाखाना कधी?

स्वस्थ बसलेलं असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी दुखणी, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं, घोटभर पाणीही न टिकणं, दिवसभर लघवी जवळपास न होणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. उलट्या काही दिवस चालू राहिल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूवर परिणाम होतो. चालताना तोल जाणं, नजर दुहेरी होणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची खूण.

आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन करा. ऑपरेशन मुंबईत झालं असेल आणि तिथं पोहोचणं शक्य नसेल, तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आहे. चाकण आणि तळवड्याच्या रस्त्यांवर शिफ्ट सुटताना किती कोंडी होते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून निघायला उशीर करू नका. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, अमुक तारखेला."

ते डिस्चार्ज कार्ड कपाटात ठेवू नका. फ्रिजच्या दारावर चिकटवा, म्हणजे अम्मी, भाभी, मुलं, सगळ्यांना आज कोणता टप्पा चालू आहे ते दिसेल, आणि पेशंटला प्रत्येक घासाला एकट्यानं नाही म्हणावं लागणार नाही.