'डाय' आणि मूत्रपिंड: भीती किती, पुरावा किती

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या वेळी रक्तवाहिनीत टोचल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रावाला वैद्यकात कॉन्ट्रास्ट आणि रुग्णांच्या बोलण्यात 'डाय' म्हणतात. "डाय दिली की किडनी जाते" हे वाक्य नातेवाइकांच्याच नव्हे, तर डॉक्टरांच्याही तोंडी इतके रुळले आहे की, मूत्रपिंडांच्या कामाचा निर्देशक असलेले क्रिएटिनिन 1.6 दिसताच डायविना स्कॅन उरकला जातो आणि ज्या गुठळीच्या संशयापायी तो सांगितला होता ती फुप्फुसाची गुठळी अशा चित्रात बहुधा दिसतच नाही.

ही भीती निराधार नव्हती. जुन्या द्रावांची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, रक्ताच्या पाच ते सात पट असे. आजच्या द्रावांची ती दोन-तीन पट किंवा रक्ताइतकीच असते. शिवाय जुन्या बहुतेक अभ्यासांत डाय न दिलेल्या रुग्णांचा तुलनागटच नव्हता, त्यामुळे जंतुसंसर्ग, घसरलेला रक्तदाब आणि वेदनाशामक गोळ्या यांचे खापरही डायवरच फुटले. न्यूहाउस व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये डाय न मिळालेल्या 32,161 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांचे क्रिएटिनिन किमान 25 टक्क्यांनी बदललेले आढळले. त्यांतली वाढ याच रुग्णांत डायनंतर दिसली असती, तर दोष कोणावर आला असता हे सांगायला नको. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी व नॅशनल किडनी फाउंडेशन यांच्या 2020 च्या संयुक्त निवेदनाने हा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेल्याचे मान्य केले. खरी काळजी ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा मिनिटाला मिलिलिटरमधला अंदाज, 30 च्या खाली असलेल्यांची किंवा मूत्रपिंडे नुकतीच अचानक बिघडलेल्यांची घ्यायची असून, त्यांना शिरेतून सलाईन द्यावे, असे ते निवेदन सांगते. तपासणी निकडीची असेल, तर ती अडवावी असे नाही.

सर्वांत अनाकलनीय हट्ट डायलिसिसवरील रुग्णांबाबत दिसतो. ज्याला लघवीच होत नाही, त्याच्या मूत्रपिंडांत डायने बिघडवण्यासारखे उरलेले तरी काय असते? तरीही त्याला डाय नाकारली जाते, किंवा दिलीच तर "लगेच धुऊन काढा" म्हणून भलत्या वेळी डायलिसिसला पाठवले जाते. डाय डायलिसिसने निघते हे खरे, पण त्यासाठी नेहमीचे ठरलेले सत्र पुरते. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्यांची उरलेली कार्यक्षमता मात्र जपण्याजोगी असते, आणि हा भेद चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला आढळतो.

ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्यांनी संरक्षण मिळते ही समजूत सुमारे पाच हजार रुग्णांच्या प्रिझर्व्ह चाचणीने 2018 मध्ये खोडली. मेटफॉर्मिन प्रत्येक मधुमेह्याने थांबवायचे नसून, ईजीएफआर 30 च्या खाली असल्यास वा मूत्रपिंडे अचानक बिघडली असल्यास तपासणीच्या वेळी बंद करून पुढचे 48 तास बंद ठेवायचे असते. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला आयोडीनयुक्त डाय चालत नाही, हाही गैरसमजच; ती ॲलर्जी कोळंबीतील प्रथिनांमुळे येते, आयोडीनमुळे नव्हे. एमआरआयच्या डायमधील गॅडोलिनियमचा त्वचा कडक करणाऱ्या गंभीर विकाराशी संबंध 2006 मध्ये जोडला गेला, तो मुख्यतः जुन्या संयुगांमुळे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या वर्गीकरणातील गट दोनमधील संयुगांबाबत हा धोका इतका अत्यल्प आहे की, डायलिसिसच्या रुग्णालाही ती गरजेच्या वेळी नाकारण्याचे कारण उरत नाही.