सबवूफरची तार : लांबी, जाडी आणि धातू

सबवूफर म्हणजे केवळ मंद्र स्वरांसाठी योजिलेला ध्वनिक्षेपक. त्याची तार निवडताना प्रथम पाहावयाचे ते हे, की प्रवर्धक पेटीच्या आत आहे की बाहेर. आत असल्यास बाहेरून येते ती केवळ क्षीण संकेताची तार. तिच्या जाडीपेक्षा तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला अधिक महत्त्व, कारण घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची घरघर नेमकी सबवूफरच्या कक्षेत पडते.

प्रवर्धक बाहेर असेल तर तारेचा रोध हाच मुख्य विचार होय. १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओहम असतो. परतूर तालुक्यातील आष्टी येथील एखाद्या घरात भिंतीच्या कडेने व दारावरून वळसा घेत तार १० मीटर न्यावी लागली, असे समजू. प्रवाह जातो तसाच परतही येतो. म्हणून हिशेबात २० मीटर धरावयाचे, हे पुष्कळदा विसरले जाते. अशा तारेचा रोध ०.३४ ओहम भरतो आणि ध्वनिक्षेपक ४ ओहमचा असल्यास सुमारे ८ टक्के शक्ती तारेतच खर्ची पडते. ही हानी अर्ध्या डेसिबलहूनही कमी, म्हणजे कानाला क्वचितच जाणवणारी. परंतु रोध वाढला की ध्वनिक्षेपकाच्या पडद्यावरील प्रवर्धकाचा ताबा सैल होतो व ढोलाचा ठोका किंचित रेंगाळतो. यास्तव तारेचा रोध ध्वनिक्षेपकाच्या संरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत रूढ आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तार (०.१४ ओहम) तो सहज पाळते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात, ४५ अंशांना, रोध १० टक्क्यांनी वाढला तरीही ती पुरेशी ठरते.

याहून महाग तारांच्या समर्थनार्थ त्वचापरिणामाचा दाखला देण्यात येतो. तो येथे गैरलागू आहे. १०० हर्ट्‌झला तांब्यातील प्रवेशखोली साडेसहा मिलिमीटर असते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेची त्रिज्यादेखील सव्वा मिलिमीटर भरत नाही.

खरी फसगत होते ती धातूत. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६५ टक्के असते, म्हणजे २.५ म्हणून घेतलेली तार प्रत्यक्षात १.६ चौरस मिलिमीटर तांब्याइतकेच काम करते. एक धागा चाकूने खरवडावा : आत पांढरा धातू दिसला तर ते ॲल्युमिनियम. उलट, वरून पांढरी व आतून तांबूस तार कथिलाचा हात दिलेले तांबे असते. ती निःशंकपणे घ्यावी.